मुलगी ६२, बाप ९

प्रश्न : नमस्कार बाई. माझं वय ५४. अशोक चौकाजवळ आमचे सहा यंत्रमाग आहेत, टॉवेलचं काम. मुलगी पुण्याला नोकरी करते, पंधरा दिवसांतून एकदा हुतात्मा एक्सप्रेसने घरी येते. दिवाळीत आली तेव्हा तिचा जुना प्लेस्टेशन फोर इथेच ठेवून गेली. हे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. त्यात बास्केटबॉलचा गेम आहे, एनबीए टू-के नाइन्टीन. रविवारी जेवणं झाली की म्हणते, "नान्ना, एक मॅच?" आणि मग मला धू धू धुते. मागच्या खेपेला ६२–९. मी जन्मात बास्केटबॉल खेळलेलो नाही. कुठलं बटण कशाचं ते कळत नाही, म्हणून सगळीच दाबतो. मध्येच शिट्टी वाजते आणि बॉल तिच्याकडे जातो, का ते कळत नाही. तिला विचारलं तर नुसती हसते. ती यायच्या आत, तिला पत्ता न लागू देता, थोडं तरी शिकता येईल का?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : येईल की. पण आधी माझी फजिती ऐका. एकतीस वर्षं मी शाळेत पी.टी. शिकवलं. मुलींचे बास्केटबॉलचे संघ बांधले, तेही सोलापूरच्या मे महिन्यात, सिमेंटच्या कोर्टवर, बुटाचा तळ चटके देत असताना. निवृत्त झाल्यावर भाच्याने हातात कंट्रोलर दिला आणि पहिल्याच मॅचला मला ५१–६ ने लोळवलं. वर विचारतो, "मावशी, तू नक्की बास्केटबॉलच शिकवायचीस ना?"

तेव्हा तुमचे ९ म्हणजे माझ्यापेक्षा ३ जास्तच. आणि खरोखरच्या एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत, १९५० साली एक अख्खा सामना १९–१८ असा संपला होता. फोर्ट वेनच्या संघाने मिनिआपोलिस लेकर्स संघाला हरवलं, बहुतेक वेळ बॉल नुसता हातात धरून ठेवून. प्रेक्षक वैतागले. त्या सामन्याचा तुमच्या शिट्टीशी संबंध आहे, त्याकडे येतेच.

तुमच्या पत्रातलं "म्हणून सगळीच दाबतो" हे वाक्य मी दोनदा वाचलं. मीही तेच करत होते. मला सगळ्यात उशिरा उमगलेली गोष्ट तुम्हाला सगळ्यात आधी सांगते : बटण सोडायला शिका.

सुरुवात आर-टू पासून. कंट्रोलरच्या मागच्या बाजूला उजव्या तर्जनीखाली येतं ते. ते दाबलं की माणूस पळतो. नवशिका खेळाडू सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ते आवळून धरतो, कारण त्याला वाटतं पळालं की लवकर पोचू. होतं काय, तुमच्या माणसाचा दम संपतो. त्याच्या नावाजवळची दमाची पट्टी हळूहळू रिकामी होते, आणि दमलेल्याने मारलेला बॉल रिंगला लागून बाहेर येतो. शिवाय पळता पळता समोरच्याच्या अंगावर गेलात तर बॉल हातून सुटतो. अर्धं मैदान चालत ओलांडा. आर-टू फक्त समोर मोकळी वाट दिसली तरच, दोन-तीन पावलांपुरतं.

तुम्हाला सध्या चारच गोष्टी लागतात. डाव्या अंगठ्याखालची स्टिक म्हणजे चालणं, आर-टू म्हणजे पळणं, फुली म्हणजे पास, चौकोन म्हणजे शॉट. उजवी स्टिक, जिने मुरलेले खेळाडू मागून-पुढून बॉल फिरवतात, तिला महिनाभर हात लावू नका. मी चौकोनावर आणि आर-टू वर एकेक टिकली चिकटवली होती, म्हणजे खाली न बघता बोटाला समजायचं. भाचा यायचा त्या दिवशी काढून ठेवायचे. घरात टिकलीचं पाकीट असेलच, मागून घ्या. कशाला हवी ते मात्र सांगू नका.

आता शॉट. चौकोन टिचकी मारल्यासारखा दाबून सोडला तर बॉल कुठेही जातो. दाबून धरायचा, खेळाडू उडी घेतो, हात वर जातो, आणि उडीच्या टोकाला, मनगट वळायच्या क्षणी, बोट उचलायचं. शेजारी एक पट्टी भरत जाते, तिच्यावर खूण असते. बरोबर सुटलं की पट्टी हिरवी होते आणि बॉल जाळीतून जातो. चुकलं तर वर अक्षरं येतात, स्लाइटली अर्ली किंवा स्लाइटली लेट. मला दोन महिने 'अर्ली'च येत होतं. पट्टीकडे बघत बसले की सुटायचंच लवकर. मग भाच्याने पट्टीवर कागद धरला आणि म्हणाला, माणसाच्या हाताकडे बघ. त्या दिवसापासून जमायला लागलं. तुम्हाला तर हे माझ्यापेक्षा लवकर जमेल. सहा मागांतल्या एकाचा ठोका बिघडला तर पाठ करून उभे असलात तरी कळतं ना? तोच कान इथे डोळ्यात आणायचाय.

प्रत्येक खेळाडूची उडी वेगळी असते, म्हणून रोज माणूस बदलू नका. मेनूत फ्रीस्टाइल नावाचा सराव आहे. रिकामं कोर्ट, एक बॉल, कुणी अडवायला नाही, शिट्टी नाही. मिलवॉकी बक्स हा संघ घ्या, त्यातला क्रिस मिडलटन घ्या, आणि एकाच जागेवरून वीस बॉल मारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागेवरून वीस. मी मुलींनाही हेच सांगायचे आणि त्याही अशाच कंटाळायच्या.

बक्स का, ते सांगते. या डिस्कच्या कव्हरवर जो आहे तो यानिस आंतेतोकुम्पो त्यांचाच. उंची सात फुटाला एखादा इंच कमी. तुमच्यासारख्या नवख्याला त्याच्याइतका उपयोगी गडी दुसरा नाही. त्याच्याकडे पास द्या, रिंगकडे तोंड करा, आर-टू दाबून निघा आणि जवळ पोचल्यावर चौकोन. लांबून मात्र त्याला कधीही मारू देऊ नका, लांबचा हात त्याचा नव्हेच. लांबून मिडलटन, जवळून यानिस. पहिल्या महिन्याला एवढं धोरण पुरे.

हे सगळं करूनही बॉल जात नसेल तर टीव्ही तपासा. हा सल्ला कुणी आधी देत नाही आणि माझे पंधरा दिवस त्यात वाया गेले. हल्लीचे टीव्ही चित्र गुळगुळीत करायला मध्ये थोडा वेळ खातात. सिनेमा बघताना ते जाणवत नाही. पण इथे तुम्ही बोट उचलता ते टीव्हीवरचा हात बघून, आणि तो हात आधीच खाली आलेला असतो. मी समजत होते की साठीला बोटं मंद झाली. भाच्याने टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' लावला, आणि सलग तीन शॉट हिरवे. दोन आठवडे उगाच स्वतःला म्हातारी म्हणून घेतलं!

आता तुमची शिट्टी. ती बहुधा तीनपैकी एका कारणाने वाजते. बॉल हातात आल्यापासून २४ सेकंदांत रिंगकडे शॉट गेला पाहिजे. त्यातही पहिल्या ८ सेकंदांत मैदानाची मधली रेषा ओलांडायची, आणि एकदा ओलांडली की मागे यायचं नाही. तिसरं, रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात तुमचा माणूस बॉल यायची वाट बघत ३ सेकंदांहून जास्त उभा राहिला तर चूक. नवखे यानिसला तिथे नेऊन उभा करतात आणि मग कुणाला पास द्यावा याचा विचार करत बसतात.

२४ हा आकडा कुठून आला ते माझ्या मुलींना फार आवडायचं. त्या १९–१८ सारखे सामने बघून लोक येईनासे झाले, तेव्हा सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार केला. चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा शॉट मारतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंद. भागिले १२०. आले २४. १९५४ पासून एनबीएत हे घड्याळ लागलं. स्क्रीनच्या खालच्या पट्टीत ते उलटं मोजत असतं. दहावर आलं की सुचेल ते करून टाका, पण बॉल रिंगकडे जाऊ द्या.

बचावात तुमचं काय होत असेल तेही मी सांगू शकते. बॉल मुलीकडे गेला की तुम्ही चौकोन खटाखट दाबता. बचावात चौकोन म्हणजे हात घालून बॉल हिसकावणं. दहा वेळा दाबलं की एखादा मिळतो, दोन-तीन फाउल होतात, आणि उरलेल्या वेळी तुमचा माणूस हात घालायला वाकलेला असताना ती बाजूने निघून जाते. फुलीचंही तसंच. आक्रमणात फुली म्हणजे पास, पण बॉल दुसऱ्याकडे गेला की तीच फुली तुमचा माणूस बदलते. पास अडवला गेला तरी तुमचं बोट फुलीवर नाचत राहतं, दर क्षणाला वेगळा गडी तुमच्या ताब्यात येतो, आणि मुलगी रिंगखाली एकटी. त्याऐवजी एकच माणूस धरा. एल-टू दाबून ठेवला की तो गुडघे वाकवून, हात पसरून समोरच्याच्या पुढ्यात सरकतो. तिचा माणूस आणि रिंग यांच्यामध्ये राहा, बस्स. चौकोन नाही, उडी नाही.

ती गोल्डन स्टेट घेत असणार, या डिस्कवर सगळी तरुण मंडळी तोच संघ घेतात. त्यातला स्टीफन करी म्हणजे २०१५–१६ च्या एका हंगामात लांबून तीन गुणांचे ४०२ शॉट घालणारा माणूस. त्याला मोकळा सोडलात की ६२ चे ७० होतील. बाकी कुणी रिंगखालून दोन गुण घेतले तर घेऊ द्या, करीला हातभर अंतरही देऊ नका.

एवढं अंगवळणी पडलं की एकच डावपेच शिका आणि तो तिच्यावर वापरा. बॉल तुमच्याकडे असताना एल-वन दाबून धरा. तुमचा एक धिप्पाड गडी येतो आणि तिच्या बचाव करणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर गर्दीतून जाताना आपण काय करतो? एखाद्या रुंद पाठीच्या मामाच्या मागे लागतो आणि त्याला खांदा घासून पुढे सटकतो. अगदी तसंच. त्याच्या खांद्याला खांदा घासत निघा. लांबून वळसा घातला तर तिचा माणूस मधल्या फटीतून येतो. तिचा माणूस भिंतीत अडकला तर सरळ रिंगकडे. आणि दोघंही तुमच्या अंगावर आले तर तो धिप्पाड गडी आता रिंगकडे एकटा निघालेला असतो, त्याला पास द्या. इथे आर-वन कामाला येतं. ते दाबलं की प्रत्येक साथीदाराच्या डोक्यावर एकेक बटण उमटतं, ज्याचं दाबाल त्यालाच बॉल जातो. नाहीतर नुसत्या फुलीने बॉल भलत्याकडेच जायचा.

सरावाला कॉम्प्युटरबरोबर खेळा, पातळी सगळ्यात सोपी, रूकी. सेटिंगमध्ये खेळाचा वेगही कमी करता येतो. मी तो बराच खाली आणला होता, सगळे पाण्यात चालल्यासारखे दिसायचे, पण कोण कुठे पळतोय ते पहिल्यांदा नीट दिसलं. हळूहळू मूळ वेगावर आणा. रात्री माग बंद झाल्यावर अर्धा तास पुरे.

दोन आठवड्यांत जिंकाल असं मी म्हणत नाही. पण ६२–३० झालं तर तिचं हसणं थांबेल आणि ती विचारेल, "नान्ना, कुठे शिकलात?" काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. संघ निवडायच्या पडद्यावर डाव्या स्टिकने आपल्या कंट्रोलरचं चित्र इकडून तिकडे सरकवता येतं. एखाद्या रविवारी ते तिच्याच बाजूला सरकवा. दोघं एका संघात, समोर कॉम्प्युटर. माझा भाचा आणि मी आता असंच खेळतो, आणि तो मला पास देत नाही ही माझी नवी तक्रार आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. हाच गेम, पण नवीन आवृत्ती. त्याला सारखं 'व्हीसी' हवं असतं. मागच्या महिन्यात माझ्या कार्डवरून तीन वेळा पैसे गेले. हे काय असतं आणि देऊ की नको?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : नको. व्हीसी म्हणजे गेममधलं चलन. खेळून हळूहळू मिळतं, रुपये मोजून लगेच मिळतं, आणि गेमची रचनाच अशी की हळूहळू मिळवणाऱ्याला कंटाळा यावा. त्यातून तो आपला खेळाडू तगडा करतो किंवा खेळाडूंच्या कार्डांची बंद पाकिटं घेतो. पाकिटात कोण निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणजे सोडतच झाली. बेल्जियममध्ये २०१८ साली पैसे घेऊन अशी पाकिटं विकणं जुगारात धरलं गेलं आणि तिथे या गेमलाही ती विक्री थांबवावी लागली. शिवाय दर सप्टेंबरच्या सुमारास नवी आवृत्ती येते आणि जमवलेली कार्डं जुन्यातच राहतात.

तुमच्या बँकेच्या कार्डाची माहिती आजच काढून टाका. मुलाचं खातं तुमच्या खात्याखाली बाल-खातं म्हणून जोडा आणि महिन्याच्या खर्चाची मर्यादा शून्य ठेवा. खेळायच्या वेळेलाही तिथेच लगाम घालता येतो. त्याला सांगा, दोन संघांचा साधा सामना खेळायला एक व्हीसी लागत नाही. रागवेल चार दिवस.

प्रश्न : मी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात गार्ड खेळते. भाऊ म्हणतो, हा गेम खेळलीस तर कोर्टवरचा खेळही सुधारेल. खरं आहे का?
— एक खेळाडू, विजापूर रोड

उत्तर : डोळ्यापुरतं खरं आहे. वरून बघताना कोपरा कधी मोकळा होतो, भिंत लावल्यावर कोण अडकतो, हे कोर्टवर उभं राहून सहा महिन्यांत कळत नाही ते आठवड्यात दिसतं. माझ्या वेळी मी हे बाटलीची टोपणं मांडून शिकवायचे. पण शॉट मात्र गुडघ्यातून निघतो बाई, अंगठ्यातून नाही. आणि नियम एनबीएचे आहेत हे विसरू नकोस. तुझ्या सामन्यात क्वार्टर १० मिनिटांचा, त्यांचा १२ चा. तू पाच फाउलला बाहेर, ते सहाला. तुमची तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, त्यांची बहुतेक ठिकाणी ७.२४ वर. आणि बचाव करणाऱ्याला रिंगखाली ३ सेकंदांची बंदी फक्त त्यांच्याकडे. संध्याकाळी आधी कोर्टवर शंभर शॉट, मग घरी जाऊन गेम. उलट क्रमाने नको, मग कोर्टवर जाणंच होत नाही.

प्रश्न : सेकंडहँड प्लेस्टेशन घेतला. माझा खेळाडू काही न दाबता आपोआप डावीकडे चालत जातो. शिवणयंत्राचं तेल घालून बघू का?
— एक वाचक, साखर पेठ

उत्तर : अहो, नका! स्टिकच्या आतला भाग झिजतो किंवा त्यात धूळ बसते, त्यामुळे ती मध्यावर असूनही कलल्याचा इशारा जात राहतो. कंट्रोलर बंद करून स्टिकच्या बुडाशी हवेचा फवारा मारून बघा. नाही सुधारलं तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, स्टिकचा सुटा भाग बदलून मिळतो. आणि शेंगाचटणी-भाकरी खाऊन झाल्यावर हात धुऊनच कंट्रोलर धरा. आमच्या घरचा एक त्यानेच गेला, भाचा अजून कबूल करत नाही.